मारणारा तूच, मरणाराही तूच?

घरी परतणारा एक माणूस मोटारीच्या अपघातात जातो. मागे बायको आणि दोन मुलं. मेल्यावर त्याला देव भेटतो, पण हा देव सिंहासनावर बसलेला नाही. प्राथमिक शाळेतल्या मास्तरांसारखा साधा दिसतो आणि त्याच्या बरोबरीने चालत बोलतो. माणसाला त्याचा पुढचा जन्म कळतो: इसवी सन ५४० मधली, चीनमधली एक शेतकऱ्याची मुलगी. मागच्या काळात जन्म कसा, असं तो विचारतो. काळ तुमच्या विश्वापुरता आहे, असं देव सांगतो. मग माझी माझ्याशीच कधी गाठ पडत असेल का? सतत पडते, असं उत्तर येतं. तिथून गोष्ट उलगडते. जन्मलेला आणि जन्माला येणारा प्रत्येक माणूस म्हणजे तोच एक. अब्राहम लिंकन तोच, लिंकनला गोळी घालणारा जॉन विल्क्स बूथही तोच. हिटलर तोच, हिटलरने मारलेले लाखो लोकही तोच. येशू तोच आणि येशूच्या मागे गेलेले सगळेही तोच. हे सारे जन्म जगून झाले की तो देवाच्याच जातीचा होऊन जन्मेल. अख्खं विश्व हे त्याच्यासाठी केलेलं अंडं आहे.

अँडी वीअरच्या ‘द एग’ या कथेत घडतं ते एवढंच. मूळ इंग्रजीत ती जेमतेम हजार शब्दांची आहे. २००९ मध्ये वीअरने ती स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट ठेवली, तेव्हा तो कॅलिफोर्नियात संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा नोकरदार होता आणि त्याच्या लेखनाला प्रकाशक मिळालेला नव्हता. पुढे ‘द मार्शियन’ ही कादंबरीही त्याने तशीच एकेक प्रकरण करत वाचकांसमोर ठेवली, २०११ मध्ये किंडलवर ९९ सेंटला विकायला काढली आणि २०१५ मध्ये रिडली स्कॉटने तिच्यावर चित्रपट केला. कादंबरीने वीअरला नाव दिलं. ‘द एग’चा प्रवास मात्र लेखकाच्या नावाशिवायच झाला. वाचकांनी आपण होऊन तिची अनेक भाषांत भाषांतरं केली. २०१७ मध्ये लॉजिक या अमेरिकी रॅपरने तिच्यावर आख्खा अल्बम उभा केला आणि त्यातल्या देवाला खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी आवाज दिला. २०१९ मध्ये कुर्झगेझाग्ट या जर्मन स्टुडिओने तिचा छोटा अॅनिमेशनपट केला आणि तो कोट्यवधी वेळा पाहिला गेला.

ज्यांनी उपनिषदांचं नावही ऐकलं नव्हतं अशा लाखो लोकांना अद्वैताची पहिली ओळख या गोष्टीने करून दिली, असं म्हटलं तर ते अतिशयोक्त होणार नाही. म्हणूनच तिच्याकडे मनोरंजनापलीकडे जाऊन पाहिलं पाहिजे. सगळे जीव मुळात एकच असतील, तर कोणी कोणाशी कसं वागावं हा प्रश्न सुटतो का? गोष्ट म्हणते, सुटतो. दुसऱ्याला दिलेलं दुःख स्वतःलाच दिलेलं असतं, दुसऱ्याला दाखवलेली माया स्वतःलाच दाखवलेली असते, एवढं कळलं की झालं.

इथे एक फरक आधी नीट पाहिला पाहिजे. पुनर्जन्माचं ऐकून गोष्टीतला माणूस चटकन म्हणतो की म्हणजे हिंदूंचं खरं होतं तर. देव त्याला सांगतो की सगळेच धर्म आपापल्या परीने बरोबर आहेत. पण वीअरचा पुनर्जन्म हिंदू परंपरेतला नाही. त्यात कर्म नाही. पुढचा जन्म बक्षीस म्हणूनही मिळत नाही आणि शिक्षा म्हणूनही नाही. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात वाईट आचरण असणाऱ्यांना कुत्र्याचा, डुकराचा किंवा चांडाळाचा जन्म येतो असं सांगितलं आहे. ज्याचं जगणं हलाखीचं त्याच्याच गळ्यात त्या हलाखीचा दोष बांधणारी ही व्यवस्था शतकानुशतकं काय करत आली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ‘द एग’मध्ये कोणीही मागच्या पापामुळे गुलाम होत नाही. गुलामही व्हायचं आहे, गुलामाचा मालकही व्हायचं आहे, सगळ्यांनाच सगळं व्हायचं आहे. कर्मसिद्धान्त बाजूला ठेवून पुनर्जन्म उरवता येतो, हे या कथेने दाखवलं. तिच्या बाजूने बोलताना ही गोष्ट सर्वांत आधी मांडायला हवी.

आणि ही कल्पना केवळ कथाकाराची लहर आहे असंही नाही. १९४० च्या वसंतात जॉन व्हीलर यांनी आपला विद्यार्थी रिचर्ड फाइनमन याला फोन करून सांगितलं की सगळ्या इलेक्ट्रॉनांचा भार आणि वस्तुमान तंतोतंत सारखं का, हे मला कळलंय. ते सगळे एकच इलेक्ट्रॉन आहेत. एकच कण काळात पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो, आणि प्रत्येक क्षणी आपल्याला त्याच्या वाटेचे असंख्य छेद दिसतात. फाइनमनने लगेच शंका काढली की मग मागे येणारे, म्हणजे पॉझिट्रॉन, तितकेच का दिसत नाहीत? १९६५ च्या नोबेल व्याख्यानात त्याने हा किस्सा स्वतः सांगितला. व्हीलरची कल्पना जशीच्या तशी टिकली नाही. पण काळात मागे जाणारा इलेक्ट्रॉन म्हणून पॉझिट्रॉनकडे पाहण्याची दृष्टी फाइनमनने तिथूनच उचलली. वीअरच्या आत्म्याची वाट अगदी त्या इलेक्ट्रॉनासारखी आहे.

एर्विन श्रोडिंगर तर याहून पुढे गेला. डब्लिनमधल्या १९४३ च्या व्याख्यानांवरून १९४४ मध्ये ‘व्हॉट इज लाइफ?’ हे पुस्तक निघालं. त्यातल्या जनुकांच्या विवेचनाने पुढे एका पिढीला रेणूजीवशास्त्राकडे खेचलं. त्याच पुस्तकाच्या उपसंहारात हा भौतिकशास्त्रज्ञ थेट उपनिषदांकडे वळतो आणि जाणीव ही मुळात एकवचनीच आहे, तिचं अनेकवचन होतच नाही, असं मांडतो. अलीकडच्या काळात डॅनियल कोलाक या तत्त्वज्ञाने २००४ मध्ये याच मतावर सविस्तर ग्रंथ लिहिला. म्हणजे प्रश्न खरा आहे आणि तो जबाबदार माणसांनी विचारलेला आहे.

आता कथेच्या आत शिरू आणि तिचा हिशेब शब्दशः मांडू. पॉप्युलेशन रेफरन्स ब्यूरो या अमेरिकी संस्थेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे आजवर सुमारे ११७ अब्ज माणसं जन्मली. एकेका आयुष्याची सरासरी तीस वर्षं धरली तरी त्या एका जिवाला साडेतीन लाख कोटी वर्षं जगावं लागलं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. त्याच्या अडीचशे पट! आणि हे फक्त आजवरचं.

पण आकड्यापेक्षा त्याच्या पोटातलं जास्त बोचतं. आधुनिक वैद्यक येण्याआधी जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी वयात येण्यापूर्वीच दगावत. म्हणजे या जिवाचे अब्जावधी जन्म जुलाबात, देवीत, उपासमारीत, बाळंतिणीच्या कुशीतच संपले. कथेतला देव म्हणतो की प्रत्येक जन्मातून तू थोडा मोठा होतोस, परिपक्व होतोस. जन्मल्यावर काही दिवसांतच धनुर्वाताने गेलेल्या अर्भकाच्या जन्मातून नेमकं काय शिकून होतं? आणि तेही अब्जावधी वेळा?

ख्रिस्ती धर्मचिंतनात या युक्तिवादाची जुनी परंपरा आहे. जग हे आत्म्याला घडवण्याची जागा आहे, म्हणून त्यात दुःख आहे, हा विचार दुसऱ्या शतकातल्या ल्योंच्या बिशप आयरेनियसच्या नावाने ओळखला जातो. जॉन हिक यांनी १९६६ मध्ये त्याची नव्याने मांडणी केली. त्याला सर्वांत जिव्हारी लागणारं उत्तर मात्र कादंबरीतून आलं. १८८० मध्ये पूर्ण झालेल्या दस्तयेव्हस्कीच्या ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’मधला इव्हान म्हणतो की शेवटी सगळं कितीही सुंदर होणार असलं, तरी छळ सोसलेल्या एका पोराच्या आसवांवर ते उभं राहणार असेल, तर मला त्या सोहळ्याचं तिकीट नको. इव्हानच्या आक्षेपाचं बळ यात आहे की सोसणारा एक आणि फळ खाणारा दुसरा.

वीअरची चतुराई इथे दिसते. त्याने ते दोघे एकच करून टाकले. ज्या पोराने सोसलं तेच उद्या देव होणार आहे. मग तक्रार कोणी करायची? दुःख तसंच उरतं, अन्याय मात्र नाहीसा होतो. देवाची बाजू मांडणाऱ्या आजवरच्या युक्तिवादांत इतका नेटका युक्तिवाद विरळा. आणि त्याचमुळे तो धोक्याचा आहे. अन्याय नाहीसा होण्यासाठी अन्याय झालेला माणूसच आधी नाहीसा करावा लागला आहे. हिटलरने साठ लाख ज्यू मारले, या वाक्यात साठ लाख माणसं आहेत. ‘द एग’च्या हिशेबात तिथे एकच जण आहे आणि त्याने स्वतःला फार लागेल असं काहीतरी करून घेतलं आहे. तिथे क्षमा मागायला समोर कोणी नाही आणि क्षमा नाकारण्याचा अधिकारही कोणाकडे उरलेला नाही.

एकत्वातून नीती निघते, हा दावा वीअरच्या खूप आधीचा आहे आणि त्याचा एक धागा मुंबईतून जातो. डेन्मार्कच्या रॉयल सोसायटीने नीतीचा पाया काय या विषयावर निबंधस्पर्धा ठेवली होती. शोपेनहाउअरने निबंध पाठवला. तो एकटाच स्पर्धक होता, तरी १८४० मध्ये त्याला बक्षीस नाकारलं गेलं. त्या निबंधाचं म्हणणं असं की करुणा जिथे खरी असते तिथे माणसाला क्षणभर मी आणि तू हा भेद खोटा असल्याचं दिसलेलं असतं. त्यासाठी त्याने उपनिषदात उद्दालकाने श्वेतकेतूला सांगितलेल्या ‘तत्त्वमसि’, म्हणजे ‘ते तूच आहेस’, या महावाक्याचा आधार घेतला. त्याचाच विचार पुढे नेणारे पाउल डॉयसन २५ फेब्रुवारी १८९३ रोजी मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे बोलले. बायबल शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करायला सांगतं, पण का करावं ते सांगत नाही, ते कारण वेदान्तात आहे, असं त्यांनी श्रोत्यांना सांगितलं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी डॉयसनची दखल घेतली आणि आत्मौपम्याला नीतीचा पाया मानून त्यावर विस्ताराने लिहिलं. पारतंत्र्यातल्या समाजाला आपल्या घरातच जगाच्या नीतीचं मूळ आहे असं कळणं किती उभारी देणारं असेल, ते समजू शकतं.

पण मूळ खरंच तिथे होतं का? जर्मन भारतविद्यातज्ज्ञ पाउल हाकर यांनी १९६१ मध्ये असं मांडलं की महावाक्यातून परोपकाराची नीती काढणं ही जुन्या अद्वैत ग्रंथांची रीत नाही. ती शोपेनहाउअरकडून डॉयसनकडे आणि तिथून विवेकानंदांकडे आली. हाकर यांचा सूर काही ठिकाणी पूर्वग्रहाचा आहे, तरी ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य उघडलं की त्यांच्या म्हणण्यातलं तथ्य टाळता येत नाही. ज्या ग्रंथात सर्व काही ब्रह्म आहे असं सिद्ध केलेलं आहे, त्याच ग्रंथात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही हेही सिद्ध केलेलं आहे. एकाच हाताने, एकाच पोथीत.

हा प्रश्न सर्वांत रोखठोकपणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध न झालेलं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये छापलं. त्यावरच्या वादाचा गदारोळ राम आणि कृष्ण यांच्यावरच्या मजकुराभोवतीच झाला आणि त्यामुळे ब्रह्मावरचं प्रकरण अनेकांच्या नजरेतून सुटलं. वास्तविक पुस्तकातलं सर्वांत मूलगामी प्रकरण तेच आहे. त्यात आंबेडकर ब्रह्मकल्पनेची टर उडवत नाहीत. प्रत्येक माणूस ब्रह्माचा अंश असेल तर सगळे समान ठरतात आणि लोकशाहीला याहून भक्कम पाया मिळणं अवघड, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. त्यांचा सवाल पुढचा आहे: मग तो पाया वापरला का गेला नाही? ब्रह्म सर्वांत आहे असं म्हणत असतानाच समाज चातुर्वर्ण्यावर कसा उभा राहिला? धर्मात न उतरलेल्या ब्रह्माचा उपयोग काय?

पंढरपुरात या सवालाला दगडाचा पुरावा आहे. अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या देवळाबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे, कारण जिवंतपणी त्यांना आत जाता आलं नाही. सर्वांभूती एकच देव पाहणारे ग्रंथ त्याच भूमीत लिहिले जात होते, वाचले जात होते, पालखीतून मिरवले जात होते. तरी देवळाचं दार उघडायला १९४७ चा मे महिना यावा लागला आणि साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं. एकत्वाचं तत्त्वज्ञान तोवर साडेसहाशे वर्षं मराठीत होतं.

आंबेडकरांच्या सवालाचा दुसरा भाग तत्त्वज्ञानातून पुरा करता येतो. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये उपयुक्ततावादावर आरोप ठेवला की त्याला माणसामाणसांतलं वेगळेपण गंभीरपणे घेता येत नाही. दात काढताना माणूस तासभर कळ सोसतो, कारण पुढची अनेक वर्षं त्याचीच असतात. ही सूट स्वतःच्या बाबतीत ठीक आहे. पण तोच हिशेब समाजाला लावला की काहींनी कळ सोसावी म्हणजे पुष्कळांचं भलं होईल, असं म्हणता येतं. ‘द एग’मध्ये सगळी मानवजात एकच व्यक्ती आहे, म्हणून तिथे ही सूट कायमची मिळून जाते. एका धरणासाठी शंभर गावं उठवली, तर ती गावंही तूच आणि विजेच्या उजेडात बसलेला शहरवासीही तूच. मग भरपाई कोणी कोणाला द्यायची? सगळ्यांचं आयुष्य आपल्यालाच जगायचं आहे असं समजून निर्णय घ्या, हा विचारप्रयोग उपयोगी नक्कीच आहे. विल्यम मॅकअॅस्किल या तत्त्वज्ञाचं २०२२ मधलं पुस्तक त्यानेच सुरू होतं. पण प्रयोग म्हणून ते कल्पिणं वेगळं आणि वस्तुस्थिती म्हणून मानणं वेगळं. कल्पनेत दुसरा दुसराच राहतो आणि आपण त्याच्या जागी जाऊन पाहतो. वस्तुस्थिती मानली की जाण्यासाठी दुसरी जागाच उरत नाही.

यावर अद्वैताची बाजू घेणारा म्हणेल की हे सगळं अज्ञानामुळे घडलं. लोकांना एकत्व खरोखर पटलंच नाही. पटलं असतं तर चोखोबा बाहेर राहिले नसते. या उत्तराची कसोटी पाहायची असेल तर दुसऱ्या एका स्वतंत्र लेखकाकडे वळावं लागतं.

सॅम ह्यूज हा ब्रिटिश लेखक ‘क्यूएनटीएम’ या नावाने लिहितो. त्यानेही वर्षानुवर्षं आपल्या कथा स्वतःच्याच संकेतस्थळावर ठेवल्या आणि २०२२ मध्ये त्यांतल्या काहींचा छोटा संग्रह स्वतः छापला. २०२१ च्या आरंभी आलेली त्याची ‘लेना’ ही कथा विश्वकोशातल्या नोंदीच्या रूपात आहे. संवाद नाहीत, प्रसंग नाहीत, भावनेचा एक शब्दही नाही. नोंदीचा विषय असा: २०३१ मध्ये मिगेल असेवेदो या मेंदूविज्ञानाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या मेंदूची संपूर्ण प्रत काढू दिली. संगणकावर चालवता येणारी ती पहिली मानवी प्रत. पुढे प्रतीवरचा त्याचा कायदेशीर हक्क गेला आणि ती जगभर पसरली. ही प्रत लोकप्रिय का, तेही नोंद कोरडेपणाने सांगते. सुरू केल्याबरोबर ती उत्साहात असते, सहकार्य करते. तिच्या मते आज प्रयोगाचाच दिवस असतो आणि प्रयोग यशस्वी झालेला असतो. खरी परिस्थिती तिला कळू दिली नाही तर काम चांगलं होतं. तिच्याकडून काम कसं करून घ्यावं, धाक कधी दाखवावा, किती वेळाने ती निकामी होते, हे सगळं यंत्राच्या माहितीपुस्तिकेच्या सुरात येतं.

कथेत नावाचा खुलासा कुठेच नाही. लेना फोर्सेन या स्वीडिश तरुणीचं एका मासिकातलं छायाचित्र १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत स्कॅन केलं गेलं आणि पुढची पन्नास वर्षं प्रतिमा-प्रक्रियेच्या संशोधनात ते नमुना म्हणून वापरलं गेलं. आपलं चित्र आता निवृत्त करा असं तिने २०१९ मध्ये सांगितलं. आयट्रिपलईच्या संगणक संस्थेने ते असलेले निबंध घेणं २०२४ च्या एप्रिलमध्ये थांबवलं. हे माहीत असलं की ह्यूजच्या कथेतलं भविष्य फार दूरचं वाटत नाही.

‘लेना’मध्ये एकत्व हा विश्वासाचा विषय नाही. असेवेदोच्या लाखो प्रती अक्षरशः एकच मन आहेत, याबद्दल कथेतल्या कोणालाही शंका नाही. त्यांच्यात बंधुभाव आला का? त्यांच्याबद्दल कोणाला कणव वाटली का? उलट झालं. त्या सगळ्या एकच आहेत म्हणूनच एखादी नासली तर बिघडत नाही, दुसरी सुरू करता येते. वीअरच्या कथेत एकत्वामुळे प्रत्येक जीव मोलाचा होतो. ह्यूजच्या कथेत त्याच एकत्वामुळे प्रत्येक जीव बिनमोल होतो. तत्त्व तेच, निकाल पूर्ण उलटा. म्हणजे माणुसकी एकत्वातून येतच नव्हती. ती दुसरीकडून येते आणि एकत्वाला लागली तर लागते, नाहीतर नाही.

ती कुठून येते, याचा एक जुना इशारा सांख्यांकडे आहे. ईश्वरकृष्णाने ‘सांख्यकारिके’त पुरुष अनेक आहेत असं ठरवलं, आणि त्याचा पुरावा अगदी डोळ्यांसमोरचा दिला: जन्म, मरण आणि इंद्रियं ज्याची त्याला वेगवेगळी मिळालेली आहेत. आत्मा एकच असता तर एक मेल्यावर सगळे मेले असते. हा युक्तिवाद वरवर भाबडा वाटतो. पण नीतीच्या दृष्टीने त्यात मोठं सत्य आहे. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची कळ आपल्याला होत नाही. कधीच होणार नाही. तरीही ती कळ आहे, एवढं मान्य करण्यापासून नीती सुरू होते. ती कळ पुढेमागे आपलीच निघणार आहे म्हणून पाणी दिलं, तर तो शहाणा व्यवहार झाला. काशीहून रामेश्वराला निघालेल्या कावडीतली गंगा एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा महाराष्ट्राने इतकी जपली ती गाढव म्हणजे एकनाथच होते म्हणून नाही. गाढव तहानलेलं होतं.

आणि खुद्द अद्वैतातही दुसऱ्याची गरज ओळखणारा आवाज आहे. ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात ज्ञानदेव शिव आणि शक्ती यांचं असं वर्णन करतात की ते मुळात एक आहेत, पण प्रेमाची गोडी घेता यावी म्हणून दोघे झाले आहेत. एकत्व सिद्ध करायला बसलेल्या ग्रंथाचा आरंभ एका दांपत्याने होतो. तुकोबा तर मुक्ती नको म्हणतात. संतांचा सहवास मिळणार असेल तर पुन्हा गर्भवास चालेल, असं देवाला सांगतात. सहवासाला दोघं लागतात. या बाजूने पाहिलं की ‘द एग’मधली खरी उणीव दिसते: त्या अख्ख्या विश्वात तो एक जीव आणि देव, याखेरीज कोणीच नाही. अपघातानंतर मागे राहिलेली बायको, ती दोन मुलं, कोणीच नाही. इतकं एकाकी जग आजवर फार थोड्या कथाकारांनी रचलं असेल, आणि वाचकांना त्यातून दिलासा मिळाला हे तिच्या रचनेचं यश आहे. विचार म्हणून ती अपुरी आहे.

मराठी विज्ञानकथेपुढे इथे एक मोकळं रान आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेऊन मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. भौतिकशास्त्रातली कल्पना मराठी कथेत सहज नांदू शकते, हे त्या पिढीने दाखवलं. ज्या भाषेत ‘अमृतानुभव’ आहे, चोखोबांचे अभंग आहेत आणि ब्रह्माचा उपयोग काय हा सवाल ज्या भूमीतून आला, त्या भाषेतल्या तरुण लेखकांनी एक आणि अनेक यांची ही गोष्ट परक्यांच्या हाती का सोडावी? ‘द एग’ आणि ‘लेना’ दोन्ही लेखकांनी फुकट वाचायला ठेवल्या आहेत आणि दोन्ही मिळून अर्ध्या तासात वाचून होतात. आधी वीअर वाचावा, लगेच ह्यूज वाचावा, आणि मग तिसरी कथा मराठीत लिहावी, जिच्यात दुसरा माणूस शेवटपर्यंत दुसराच राहील.